काँग्रेस रोडवरची शनिवार संध्याकाळ

माझी वहिनी वयाच्या ४६व्या वर्षी सायकल शिकली आणि तीही फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर.

वहिनी मूळची निपाणीची. माहेरी सायकल होती, पण ती भावांची. बाजारातून पीठ दळून आणायचं असो की तंबाखूच्या वखारीत वडिलांना डबा पोचवायचा असो, भाऊ सायकलवरून जायचे आणि ही त्यांच्यामागून चालत. पुढं लग्न होऊन बेळगावात आली आणि दादाच्या नोकरीमुळं अबुधाबीला गेली. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी दादा म्हणाला, "चल, यास बेटावर जाऊन येऊ, वहिनीची शिकवणी बघ." मला वाटलं, स्वयंपाकाची किंवा योगाची असेल.

यास मरीना सर्किट २००९ साली सुरू झालं. २०२१मध्ये त्याची काही वळणं बदलली, तेव्हापासून एक फेरी साधारण ५.२८ किलोमीटरची आहे. फॉर्म्युला वनचा हंगाम बहुधा इथंच संपतो. शर्यतीच्या दिवशी गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढं पळतात. शर्यत नसते तेव्हा आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी हाच ट्रॅक चालणाऱ्या, पळणाऱ्या आणि सायकलवाल्यांसाठी उघडतात. फुकट. सायकल नसली तर तिथं भाड्यानं मिळते, मात्र हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. बायकांसाठी एक संध्याकाळ राखीव असते. त्याच संध्याकाळी जाऊन वहिनीनं तोल सांभाळायला सुरुवात केली होती. आम्ही गेलो तो सगळ्यांसाठीचा दिवस होता.

मी ते दृश्य विसरू शकत नाही. सगळ्या ट्रॅकवर पांढरा उजेड, सावलीसुद्धा नीट पडत नव्हती. ट्रॅकवरून आडवं गेलेलं एक मोठं हॉटेल आहे, त्याच्या छपराचे रंग बदलत होते. खालून लोक चालले होते. मुलाला मागच्या खुर्चीत बांधलेला एक बाप, हसत-खिदळत जाणाऱ्या मल्याळी नर्स मुली, कोपराला पट्टी लावलेले आजोबा, आधारचाकं लावलेल्या सायकलवरची चार वर्षांची पोर. वहिनीनं ओढणी कमरेला घट्ट गाठ मारून बांधली होती. दादानं सीटला मागून धरलं होतं आणि ती पुढं बघत ओरडत होती, "अहो, सोडू नका हं! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!" दादानं कधी सोडलं ते तिला कळलंच नाही. पंधरा-वीस हात गेल्यावर कळलं, तेव्हा हँडल लटपटलं आणि ती सरळ ट्रॅकच्या कडेला, रंगवलेल्या पट्ट्यांपलीकडच्या मोकळ्या डांबरावर गेली. पडली नाही. पाय टेकला, थांबली आणि मागं वळून बघत म्हणाली, "चालवली की मी!"

त्या मोकळ्या डांबराबद्दल मला लिहायचंय. मोटार शर्यतीचा ट्रॅक बांधणारे लोक एक गोष्ट गृहीत धरतात: गाडी चालवणारा चुकणार. जगातला सगळ्यात हुशार चालकसुद्धा कधीतरी चुकणार. म्हणून वळणाच्या बाहेर मोकळी जागा ठेवतात, तिथं वाळू किंवा डांबर घालतात, त्यापलीकडं टायरांची भिंत उभी करतात. नव्या ट्रॅकची रुंदी किमान १२ मीटर असावी असा दंडक आहे. समोरून कुणी येत नाही, बाजूनं कुणी घुसत नाही, खड्डा नाही, उघडं गटार नाही, मधेच गतिरोधक नाही. ठरावीक अंतरावर झेंडा घेतलेला माणूस उभा असतो. ही सगळी व्यवस्था ३००च्या वेगासाठी केलेली. पण तिचा खरा उपयोग मला त्या दिवशी दिसला, ताशी ८ किलोमीटरनं चाललेल्या निपाणीच्या बाईला. तिला वळता येत नव्हतं, ब्रेक कुठला दाबायचा ते आठवत नव्हतं, पण तिथं चुकायला जागा होती.

आपल्या रस्त्यावर मुलाला चुकायला जागा नाही. आपले रस्ते हे धरूनच बांधले जातात की त्यावरून जाणारं पोर कधी चुकणार नाही.

माझा मुलगा सातवीत असताना शाळेतून येत होता. डिसेंबर होता, उसाचा हंगाम. संध्याकाळी सहाच्या सुमारास एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. मुलानं ट्रॅक्टरला वाट दिली, पहिली ट्रॉली जाऊ दिली आणि रस्ता मोकळा झाला असं समजून परत डांबरावर आला. दुसरी ट्रॉली त्याला दिसलीच नाही. बाहेर आलेल्या उसाचा फटका हँडलला बसला आणि तो खडीवर आपटला. कोपर मोडलं, दोन महिने हात गळ्यात. चाकाखाली गेला नाही, हे आमचं नशीब. बरा झाल्यावर त्यानं सायकल परत हातात घेतली नाही आणि मीही घे म्हणाले नाही. अठरा पूर्ण होताच मोटारसायकल आली. आजही रोज संध्याकाळी ती मोटारसायकल दारात लागल्याचा आवाज येईपर्यंत माझं लक्ष स्वयंपाकात नसतं. बेळगाव जिल्ह्यातल्या किती घरांत असंच होत असेल, हे मला वेगळं विचारावं लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा आहे.

म्हणून आता मुलं कुठं चालवतात? टिळकवाडीतल्या आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. खांबांच्या मधून, उभ्या गाड्यांना घासत. गाडीला ओरखडा पडला की मालक ओरडतात, मग ती चिमणी पोरं आठ दिवस सायकली जिन्याखाली ठेवतात. खेड्याकडं थोडं बरं आहे. गेल्या वर्षी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मी रिकामा गाडा पळवायच्या शर्यतीला गेले होते. शर्यत संपली, बैल सोडले, माणसं बक्षीस वाटपाकडं गेली आणि पाच मिनिटांत त्या मऊ, नांगरून सपाट केलेल्या धावपट्टीवर गावातली वीसेक पोरं सायकली घेऊन उतरली. त्यातला एकजण बापाच्या मोठ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची मारत होता. किती वर्षांनी बघितली मी कैची! दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, म्हणून मोटारसायकल आत येत नव्हती. कुणी ठरवून केलं नव्हतं. जागा बंदिस्त, सपाट आणि मोकळी मिळाली, पोरांनी ती घेतली. यास बेटावर जे कोट्यवधी खर्चून झालं होतं, ते इथं दोन दोरांनी झालं होतं.

भारतात मोटार शर्यतीचे मोठे ट्रॅक मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. त्यातलं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. तिथं फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली, पुढं २०२३मध्ये मोटो जीपी ही मोटारसायकलींची शर्यत झाली. एवढा मोठा, खड्डा नसलेला रस्ता वर्षातले बहुतेक दिवस मोकळा असताना तिथल्या आसपासच्या मुलांना आठवड्यातून एक संध्याकाळ का मिळू नये, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारायलाच हवा. आपल्याला मात्र त्यातला एकही ट्रॅक जवळ नाही. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात, ते देशभर जातात, पण शर्यतीचा ट्रॅक बेळगावात नाही. रेसकोर्स आहे, पण तो घोड्यांचा. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्या बाजूला बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, ते सगळ्यांना आठवत असेल.

आणि ट्रॅक असता तरी मी म्हटलं असतं की तेवढ्यानं भागत नाही. ट्रॅक गावाबाहेर असतो. तिथं सायकल चालवायला आधी मोटार लागते, मोटारीवर सायकल बांधायची कडी लागते. दादाकडं मोटार आहे म्हणून वहिनी शिकली. वडगावात कापडाच्या मागावर काम करणाऱ्या माणसानं पोरीची सायकल कशावर बांधायची? म्हणून मला बेळगावात ट्रॅक नको आहे. मला ट्रॅकचे नियम हवे आहेत, ते आपल्याच एका रस्त्यावर, आठवड्यातून दोन तास.

माझ्या मनात रस्ता आहे तो काँग्रेस रोड. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचं नाव या रस्त्याला आहे. रुंद आणि बराचसा सरळ. पण मुख्य गोष्ट म्हणजे त्याच्या एका बाजूला रेल्वेमार्ग आहे. त्या बाजूनं घर नाही, दुकान नाही, गल्ली नाही. रेल्वेची गेटं सोडली तर त्या बाजूनं मधेच कुणी घुसूच शकत नाही. शर्यतीच्या ट्रॅकला जी भिंत मुद्दाम बांधावी लागते, ती इथं रेल्वेनं आयती दिली आहे. रेल्वेकडची अर्धी बाजू, पहिल्या गेटापासून तिसऱ्या गेटाच्या अलीकडंपर्यंत, बॅरिकेड लावून वेगळी करायची. उरलेल्या अर्ध्या बाजूनं वाहतूक हळूहळू चालू द्यायची. आतल्या पट्ट्यात सगळ्यांनी डावीकडून जायचं, टोकाला वळून परत यायचं, दुसऱ्या गेटाशी माणसं उभी करायची. शिकणाऱ्या लहान मुलांसाठी एका टोकाचा तुकडा दोर बांधून राखायचा, तिथं मोठ्यांनी सायकल चालवायचीच नाही. मधून रेल्वे जाईल तेव्हा पोरं थांबून हात हलवतील, हलवू देत.

वार शनिवार. रविवार सगळ्यांना आधी सुचेल, पण रविवारी संध्याकाळी गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग याच बाजूनं शहरात शिरते. तेव्हा हा रस्ता अडवणं चूक होईल. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, मुलं दुपारपासून मोकळी. वेळ साडेपाच ते साडेसात. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस बघता नको. दसऱ्यानंतर सुरू करून मेपर्यंत चालवावं.

संध्याकाळच का, याबद्दल माझं मत पक्कं आहे. भारतात असे प्रयोग झाले ते बहुतेक सकाळचे. गुरुग्रामचा राहगिरी दिवस नोव्हेंबर २०१३मध्ये रविवार सकाळी सुरू झाला, मुंबईतही रस्ते रविवारी सकाळी मोकळे झाले. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकापासून दर रविवारी मोठाले रस्ते सायकलवाल्यांना देतात, तेही सकाळपासून दुपारपर्यंत. ते सगळं चांगलंच आहे. पण आपल्या घरात सकाळी सहाला कोण मोकळं असतं? महागडी सायकल आणि तंग कपडे घालून राकसकोपच्या जलाशयापर्यंत जाऊन येणारा तरुण मोकळा असतो. बाई मोकळी नसते. पाणी कधी येईल त्यावर तिची सकाळ ठरते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलं झोपतात. संध्याकाळी मात्र घरातली तीन-चार माणसं एका वेळी बाहेर पडू शकतात. अबुधाबीत उन्हामुळं संध्याकाळ निवडतात, बेळगावात हवा बाराही महिने बरी असते, तरी आपण संध्याकाळच निवडावी ती बाईसाठी आणि आजी-आजोबांसाठी. कामावरून सुटलेल्या बापानं पोरीच्या सीटला धरून पळावं, यासाठी.

"रस्ता बंद करणं शक्य नाही" असं मला आतापर्यंत तिघांनी सांगितलं. बेळगावात राहणाऱ्या माणसानं हे म्हणू नये. गणेश विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद असतात आणि शहर चालतं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला रात्रभर मध्यवर्ती रस्ते माणसांनी भरतात आणि शहर चालतं. १ नोव्हेंबर तर आहेच. १९५६ साली त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण मराठी माणसं या बाजूला, आजच्या कर्नाटकात राहिलो. तेव्हापासूनचं दुःख मांडायला त्या दिवशी संभाजी उद्यानातून मूक सायकल फेरी निघते. त्याच दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक असते. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन टोकांच्या भावनांची गर्दी पोलीस सांभाळतात. त्या पोलिसांना शनिवारी दोन तास अर्धा काँग्रेस रोड सांभाळता येणार नाही, हे मला पटत नाही.

मी स्वतः त्या फेरीत कॉलेजात असताना गेलेली आहे. आरपीडी कॉलेजला आम्ही मुली सायकलनं जायचो, तीच सायकल, दंडाला काळी फीत. आज त्या फेरीत तरुण पोरं मोटारसायकल लावून पायी चालताना दिसतात, कारण त्यांच्याकडं सायकलच नाही. मला त्याचं वाईट वाटतं. काँग्रेस रोडवरची संध्याकाळ मात्र सगळ्यांची हवी. फलक कुठल्या भाषेत, हा वाद आपल्याकडं पहिल्या दिवशी निघेल. माझं म्हणणं सरळ आहे: कन्नडमध्ये, मराठीत आणि उर्दूत, तिन्हींत लिहा. तिथं येणारी पोरं तिन्ही भाषांत भांडतात आणि तिन्ही भाषांत खेळतात.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. आठवड्यातून दोन तास रस्ता दिल्यानं उरलेले १६६ तास रस्ता सुरक्षित होतो का? नाही होत. उसाच्या ट्रॉलीला लाल दिवा आणि चकाकणारी पट्टी लावल्याशिवाय साखर कारखान्याच्या गेटात घेऊ नये, हे वेगळं करावं लागेल. गटारांवरची झाकणं, शाळेसमोरचा वेग, पदपथावरच्या गाड्या, हेही वेगळं करावं लागेल. पण हे सगळं कोण मागणार? ज्या शहरात सायकल चालवणारं पोर रस्त्यावर दिसतच नाही, तिथं नगरसेवकाला सायकलचा रस्ता कुणासाठी करायचा हेच कळत नाही. हैदराबादनं २०२३मध्ये बाहेरच्या वळण रस्त्याला लागून २३ किलोमीटरचा सौर छपराचा सायकल मार्ग केला. आपल्या शहराचं नाव २०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत होतं. तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. त्या पैशातून रस्ते झाले, फरश्या बसल्या. पोरगी सायकलवरून एकटी क्लासला जाऊन येऊ शकते, असा एक किलोमीटर मला माझ्या भागात दाखवता येत नाही.

इटलीच्या अलेक्स झानार्दीची गोष्ट मला वारंवार आठवते. मोटार शर्यतीतला हा चालक. २००१मध्ये जर्मनीतल्या एका ट्रॅकवर भयंकर अपघात झाला आणि दोन्ही पाय गेले. पुढं त्यानं हातानं चालवायची सायकल धरली. २०१२च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये सायकलच्या शर्यती इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच या मोटार ट्रॅकभोवती झाल्या, तिथं त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली. आणि २०२०च्या जूनमध्ये इटलीत, साध्या उघड्या रस्त्यावर, त्याच्या त्या सायकलची समोरून आलेल्या ट्रकशी धडक झाली. डोक्याला फार मोठी इजा झाली. जन्मभर सराव केलेला, जगज्जेता माणूस, त्यालासुद्धा उघड्या रस्त्यानं एका चुकीची सवलत दिली नाही. तर सातवीतल्या मुलाला कुठून देणार?

झानार्दीवरूनच आणखी एक गोष्ट. कुटुंबांसाठीची संध्याकाळ म्हणजे फक्त पळणारी मुलं नव्हेत. आमच्या गल्लीत एक काका आहेत, पक्षाघातानंतर तीन चाकांच्या खुर्चीतून फिरतात. गल्लीच्या तोंडापर्यंत जातात, तिथला चढ आणि मोटारसायकली बघून परत फिरतात. रेल्वेच्या कडेनं सपाट, गाड्या नसलेला असा किलोमीटरभर रस्ता त्यांना मिळाला तर ते स्वतःच्या हातांनी गेटापर्यंत जाऊन येतील. यास बेटावर मी अशी तीन माणसं बघितली. त्यांच्या शेजारून सायकली सुळकन जात होत्या आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं.

खर्च काय? बॅरिकेड पोलिसांकडं आहेत. पथदिवे आहेत, ते त्या दोन तासांत सगळे लागतात की नाही एवढं हेस्कॉम या वीज कंपनीनं आणि महापालिकेनं बघायचं. झेंडा घेऊन उभी राहायला एनसीसीची मुलं आहेत. एक रुग्णवाहिका. पाण्याची पिंपं. हेल्मेट मात्र सक्तीचं हवं, आणि ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी शे-दीडशे तिथं ठेवायला हवीत. शहरातल्या एखाद्या कारखानदारानं ती दिली तरी होईल. भाड्याच्या सायकलवाल्यांना तिथं दुकान लावू द्या. आमच्या लहानपणी तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची, ती पाटीवर लिहिलेली वेळ चुकली की जास्तीचे पैसे द्यावे लागायचे, म्हणून आम्ही घड्याळ बघत फेऱ्या मारायचो. ज्या घरात तीन मुलं आणि एकही सायकल नाही, त्या मुलांसाठी ती दुकानं परत यायला हवीत. स्केटिंग करणाऱ्या मुलांनाही आत घ्यावं, बेळगावच्या स्केटिंगचं नाव देशात आहे.

सुरुवात पाच शनिवारांपासून करा. पाच शनिवार बघा, रुग्णवाहिका अडली का, दुकानदारांचं नुकसान झालं का, वाहतूक किती तुंबली, ते मोजा. जमलं नाही तर बंद करा, मी काही बोलणार नाही. पण न करताच जमणार नाही म्हणू नका.

वहिनी दिवाळीला येते आहे. फोनवर म्हणाली, "वन्सं, आता मी हात न थरथरता वळते, पण तुमच्या बेळगावात चालवायची हिंमत नाही हो माझी." मी तिला काँग्रेस रोडचं सांगितलं. माझी कॉलेजातली सायकल माळ्यावर होती, ती खाली काढून दुरुस्तीला टाकली आहे. मेस्त्री म्हणाला, दोन्ही टायर-ट्यूब बदलाव्या लागतील, चेनही गेली आहे, फ्रेम मात्र एकदम भक्कम आहे.